इंद्रभानचा हिरवा दिवा

इंद्रभान वायरमनच्या न्हाणीवर पत्र्याची टाकी होती. तिच्यात पाणी किती आहे, हे त्याच्या बायकोला, विमलबाईला, नुसतं बोटाने ठोकून कळायचं. 'ठण्ण' वाजली की रिकामी, 'बद्द' वाजली की भरलेली. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण हुशार माणसाला न बिघडलेलंच दुरुस्त करायची भारी हौस!

इंद्रभानने तुपाच्या रिकाम्या डब्याचं तोंड कथलाने झाळून बंद केलं, डबा टाकीत तरंगत सोडला, त्याला दांडी लावली, तार ओढली आणि स्वयंपाकघरात चुलीच्या वर दोन दिवे बसवले. पतंगी कागद गुंडाळून एक हिरवा, एक लाल. डबा वर आला की हिरवा, खाली गेला की लाल.

"आता टाकी सोताच बोलते," तो म्हणाला.

"मंग माह्याशी कोण बोलीन?" विमलबाईने विचारलं.

टाकी बोलायला लागली ती खोटंच. झाळ उसवायची, डब्यात पाणी शिरायचं, डबा बुडायचा आणि टाकी वाहून चाललेली असली तरी चुलीवर लाल! असे तीन डबे बुडाले. ऑफिसात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, "काय इंद्रभान, टाकी काय म्हणते?" गडी जेवेनासा झाला. चौथा डबा मात्र लागला बुवा. महिनाभर हिरवा तो हिरवाच. इंद्रभान दोन भाकरी जास्त खाऊ लागला. महिनाभरात लाल एकदाही कसा लागला नाही, याचा विचार त्याने करायला हवा होता. पण स्वतःच्या कौतुकात बुडालेल्या माणसाला कसला विचार सुचतो?

तशात जयंती आली. कारंजा गावात त्या वर्षी मिरवणुकीला पाणी आपल्या दारात, असं इंद्रभानने मंडळात कबूल करून टाकलं. ते आईसाठी. चंपाबाई लहानपणी धनज गावात विहिरीच्या ओट्याखाली घागर घेऊन बसायची. कुणाला दया येऊन वरून पाणी ओतेपर्यंत बसायची; कधीकधी दुपार व्हायची. आता आठ दिवस तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. "यंदा माह्या हातानं पाजतो. जो येईन त्याले."

जयंतीच्या सकाळी विमलबाई विहारात स्वयंपाकाला निघाली. "नळ आला का पयले टाकी भरजा बरं."

"हिरवा दिवा हाय ना! भरेल टाकी कायले भरू?"

"तरी भरजा." ती दारात जरा घुटमळली, काहीतरी बोलणार होती, पण पातेलं उचलून निघून गेली.

नळ आला. इंद्रभानने दिवा पाहिला. हिरवा. कुंपणापलीकडे गुलाबराव माळी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होता.

"गुलाबभाऊ, आपली टाकी फुल्ल हाय. नळाचा पाइप घ्या तिकडं."

"लय बेस झालं बापा! सांबार धुवाले पाणीच नोहतं."

तासभर इंद्रभानच्या वाट्याचं पाणी गुलाबरावच्या दोन ड्रमांत पडलं. मग नळ गेला. इकडे चंपाबाईने टाकीच्या पाण्याने दोन माठ भरले, दारात मांडले आणि नवं लुगडं नेसून बसली.

दुपारी लेझीम ऐकू आलं, निळे झेंडे दिसले. पहिल्या चाळीसेक माणसांना चंपाबाईने पाणी पाजलं आणि माठांचा तळ लागला. मागे शे-दीडशे माणूस उन्हात उभा.

"इंद्रा, घागर आण!"

इंद्रभानने न्हाणीतली तोटी सोडली. 'खर्रर्र'. नुसती हवा. शिडी लावून तो वर चढला आणि टाकीत पाहतच राहिला. तळाला दोन बोटं पाणी. चौथा डबा वरच्या वर लटकत होता. त्याची दांडी टाकीच्या कडीला घट्ट बांधलेली, लुगड्याच्या जांभळ्या किनारीने. ते लुगडं त्यानेच विमलबाईला पोहरादेवीच्या जत्रेत घेतलं होतं.

म्हणजे महिनाभर दिवा विमलबाई लावत होती, आणि टाकीही ठोकून ठोकून तीच भरत होती. नवरा जेवावा म्हणून! इंद्रभानला राग आला नाही. लाज वाटली. खाली आई हाका मारत होती.

"काय झालं रे?" कुंपणावरून गुलाबरावने विचारलं.

"टाकी खाली हाय."

"सकाळी फुल्ल होती ना?"

"दिवा फुल्ल होता, भाऊ."

गुलाबराव आपल्या ड्रमांकडे वळला. "अरे, मंग तुह्याच नळाचं पाणी हाय माह्यापाशी! सांबार धुतो उद्या. हौसे, घागरी भर!"

गुलाबरावची बायको हौसाबाई भरली घागर घेऊन आली. चंपाबाईच्या हातातल्या पेल्यात ती उंचावरून ओतणार, तोच चंपाबाईने घागरीला हात लावला.

"वरून नको माय. घागर माह्यापाशी दे."

हौसाबाई थबकली. मग तिने घागर दिली. चंपाबाईने पहिला पेला भरला आणि तिच्याच पुढे धरला. "ऊन लय हाय. तू पे पयले."

हौसाबाई गटागटा प्यायली. मग रांग पुढे सरकली. म्हातारीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पण पुसायला हात मोकळे कुठे होते?

संध्याकाळी विमलबाई परतली. इंद्रभानकडे न बघता तिने विचारलं, "दिवा चालला ना बराबर?"

"चालला. हिरवागार," इंद्रभान म्हणाला आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या सकाळी नळ यायच्या वेळी ती टाकी ठोकायला गेली, तर नवरा न्हाणीवर चढून टाकीला कान लावून बसलेला.

"काय करून राह्यले तुमी?"

"टाकी ठोकून राह्यलो. बद्द वाजली. भरेल हाय."

विमलबाईने शिडीवर चढून एकदाच ठोकलं. "हे बद्द होय? ठण्ण हाय ते! कान झाळून घ्या एकडाव."

इंद्रभानने मुकाट्याने नळ सोडला. टाकीत पाणी पडू लागलं.

"अन् ते गाठ," तो हळूच म्हणाला, "ढिली झाली होती काल. म्या पक्की केली."

विमलबाईने पदर तोंडावर घेतला. ती हसतेय की काय, ते पाण्याच्या आवाजात त्याला कळलं नाही. आत चुलीवर हिरवा दिवा लागलेलाच होता.