मेढीजवळची जागा

रामकिसन मास्तरांनी नवा नाच बसवला आणि स्वतःच्या डोक्याला ताप करून घेतला.

साल अडतीस. नागपूरच्या नाटक मंडळीत गुडघे झिजवून मास्तर मालेगावात आले आणि बबनराव पाटलांच्या सरकीच्या गोदामात नाच-गाण्याची शाळा काढली. पोरं सहा. नाच पाटलांना पटला तर गोदाम वर्षभर मास्तरांचं, नाहीतर परत सरकी.

नाच खळ्याचा होता. मधे मेढ, म्हणजे खळ्यातला खांब. पोरांनी हात धरून एका रांगेत तिच्याभोवती फिरायचं, मळणीच्या बैलांसारखं. मेढीजवळ, अगदी मधोमध, मास्तरांनी पाटलांचा नातू जानराव उभा केला.

तालमीला पाटील आले आणि बसायच्या आधीच भडकले.

"मास्तर, माया नातवाले मेढीले काहून लावलं?"

"मानाची जागा आहे, पाटील."

"मानाची? मेढीले म्हातारा बैल लावतेत! त्याले कमी चालावं लागते. जवान बैल भायेरून पळते. खळं पाह्यलं का कधी?"

मास्तरांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी जानरावला बाहेरच्या टोकाला नेलं आणि दुसऱ्या पोराला, खेमाला, मधे आणलं. सकाळी खेमाची आई सुंदरबाई दारात हजर.

"माह्या लेकाचे पाय मोडले का, मास्तर?"

मग हरिसिंग. त्याचा बाप आला आणि तेच बोलला, फक्त जोरात. आठवडाभर रोज एक बाप नाहीतर आई. मास्तरांनी समजावणंच सोडलं. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी पोरांना म्हणाले,

"उद्या उभं राहा कुठंही. फक्त पडू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी सारं गाव जमलं. सहाही पोरं बाहेरच्या टोकाकडं पळाली. मेढीजवळ कोणीच नाही, रांग वाटेल तिकडं भरकटली, पहिल्या रांगेतल्या बाया उठून पळाल्या.

मास्तरांनी ढोलकी टाकली. एका हातात मेढ धरली, दुसऱ्यात खेमाचा हात, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी हळूहळू फिरायला लागले. रांग सरळ झाली. टोकाला जानराव वाऱ्यासारखा सुटला. लोक बैल हाकल्यासारखे ओरडत होते, पाटील डोळे पुसून हसत होते.

"गोदाम तुमचं, मास्तर!"

मास्तर धपकन ओट्यावर बसले. "उद्यापासून पोरं सकाळी पाठवा."

"पोरं कायले? त्यायले सगळं येते. शिकाचं तं तुमाले हाय. माया खळ्यावर या, गडी शिकवते तुमाले."

मास्तर गुडघे चोळत उठले.

"किती वाजता येऊ?"