हद्दपार ओढ्याची हकीकत

श्रीजलदेवतायै नमः. श्रोत्यांनी पाय पुसून बसावे. शके सोळाशे अमुक, संवत्सराचे नाव लिहिणारास आठवत नाही, परंतु चिखल बहुत होता, ते साली एका राज्यात ऐसे वर्तले. राज्याच्या आधी तेथे एक ओढा होता. महाराजांच्या पणजोबांनी त्याचे काठी राज्य मांडिले, बांध घालून ओढ्यास वळविले, आणि मग ओढ्याने रयतेस वळविले. तो वळे तेथे रस्ता वळे, घरोघर अळूची भाजी शिजे, आणि धुणे धुता धुता सोयरिकी जुळत.

ऐसे असता महाराजांची स्वारी ओढ्याकाठी म्हशी पाहावयास गेली आणि पाय घसरोन कमरेपर्यंत चिखलात रुतली. महाराज ओरडले, "ओढा! अरे, ओढा!" कारभारी येसोपंत मोठे अदबीचे पुरुष, त्यांनी हात जोडून अर्ज केला, "होय महाराज, ओढाच आहे." महाराज छातीपर्यंत गेले आणि गर्जले, "येसोपंत, ओढा!" पंत म्हणाले, "जी, आपलाच. थोरल्या महाराजांपासूनचा." अखेर महाराजांनी म्हशीचे शेपूट धरिले, म्हैस उधळली आणि महाराज काठावर आले, एका पायातला जोडा आतच राहिला.

तेव्हाचा क्रोध काय वर्णावा! पंतांची मान जावयाची वेळ आली, परंतु डोके चालले आणि ते म्हणाले, "महाराज, अपराधी ओढा आहे." महाराजांस हे तत्काळ पटले, कारण आपण स्वतः घसरलो हे राजांस सहसा पटत नाही. हुकूम जाहला की ओढा हद्दपार करावा, आणि राज्यात परत दिसला तर पंतांचे डोके उडवावे. मग पंतांनी सारी रयत कुदळीस लाविली आणि पाट खोदून ओढा डोंगराआड, सरहद्दीपलीकडच्या ओसाड माळावर नेऊन सोडिला, आणि नगारे वाजले, आणि बेडकांसही ताकीद दिली.

मग विहिरी आटल्या, अळू वाळले, धुणी खोळंबली आणि सोयरिकीही. गंगू गवळण म्हशी हाकीत निघाली, तो पंत आडवे गेले. "बाई, राजास सोडून कोठे?" ती म्हणाली, "पंत, राजा नसला तरी म्हस दूध देती. पाण्याबिगर देईल व्हय? व्हा बाजूला!" तिच्यामागे रयत गेली, मग फौज, मग आचारी. आचारी गेला तेव्हा महाराज गंभीर जाहले.

उरले दोघे. महाराज सिंहासनी बसलेले, जीभ टाळूस चिकटलेली, आणि पश्चात्तापाने एवढेच वदले, "पंत... ओढा." आता पंत एकदा पोळलेले, या खेपेस चुकलो तर मेलोच, ऐसे मनी आणून त्यांनी कंबर कसली, महाराजांचे दोन्ही हात धरिले आणि ओढले. महाराज "अहो, ओढा! ओढा!" म्हणत, तो पंत अधिकच जोराने ओढीत, सिंहासनावरून, दरवाजातून, डोंगर ओलांडोन, थेट पाण्यात. काठावर रयत अळू निवडीत होती. महाराज पोटभर पाणी प्याले आणि दम खाऊन म्हणाले, "गाढवा, मी हा ओढा म्हणत होतो!"

पंतांनी हात जोडले. "होय महाराज, ओढाच आहे."

येणेप्रमाणे ओढा हद्दपार जाहला आणि त्याचे मागे राज्यही. ओढा काही परत आला नाही, सबब पंतांचे डोके वाचले. जोडा अद्याप मिळाला नाही.