सुभेदार आणि अकरा झिंगे

आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार रोज सकाळी सात वाजता अकरा झिंग्यांची हजेरी घेतात.

झिंगे गोड्या पाण्यातले, नखाएवढे, काचेसारखे आरपार. साताऱ्याच्या त्या घरात टीव्हीशेजारी काचेच्या पेटीत राहतात. सुभेदार दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून समोर उभे राहतात, उकडलेल्या पालकाचं पान पाण्यात सोडतात आणि ओरडतात, "फॉल इन!" झिंगे पानासाठी येतात. सुभेदार ती शिस्त समजतात. "अकरा. सब ठीक!"

पेटी काकूंची, म्हणजे सुभेदारांच्या बायकोची. त्या इस्लामपूरकडच्या. माहेरच्या ओढ्यातून त्यांनीच झिंगे आणले होते. दवाखान्यात जाताना म्हणाल्या, "अकरा हायती. बघा." त्या परतल्या नाहीत. तेव्हापासून सुभेदार सांगतात, "चार्ज माझ्याकडं हाय."

चार्ज घेऊन पंधरा दिवस झाले असतील. एके सकाळी तळाशी एक झिंगा निपचित दिसला. हजेरी दहा. सुभेदारांनी तो तुळशीच्या कुंडीत पुरला, सलाम ठोकला आणि बरणी घेऊन एसटी पकडली. संध्याकाळी त्याच ओढ्यातला बदली जवान हजर.

मी वर्तमानपत्रात कामाला. तिसऱ्या दिवशी मला हाक आली.

"आवं पेपरवाले, हिकडं या! बारा भरत्यात!"

मी सांगितलं, झिंगा कात टाकतो आणि नवं कवच कडक होईपर्यंत दगडाआड लपून बसतो. कुंडीत पुरलं ते रिकामं कवच.

"म्हंजे मी नुसत्या वर्दीला सलाम ठोकला व्हय?"

"जवान रजेवर होता."

"रजा दिली कुणी त्याला?"

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा स्टँडवर, टॉवेलात गुंडाळलेली बरणी घेऊन. मी सोबत गेलो होतो.

"नवा कोणता, ते कसं ओळखलंत?"

"फॉल इन म्हणलं की एक जण उशिरा येतोय. रंगरूट त्योच."

"राहू द्या की. एक जास्त झाला तर काय बिघडलं?"

"चार्जात जास्त बी चालत न्हाई." मग बरणीकडं बघत म्हणाले, "आन् त्याचं घर हाय तिथं. नेऊन सोडतो. हिला माहेरी सोडाय कवा गेलो न्हाई. रजाच नसायची. एकटीच जायची."

एसटी आली. सुभेदारांनी दोन सीटची जागा धरली, खिडकीपाशी बरणी ठेवली आणि स्वतः अलीकडं बसले.