तांबोशीची उचकी

तांबोशी या पाणबुडीला उचकी लागली तेव्हा ती समुद्रात शंभर मीटर खाली होती आणि आत नाश्त्याचा उपमा वाढून झाला होता. पहिल्या उचकीला टेबलावरच्या ताटल्या बोटभर सरकल्या. दुसरीला सगळ्यांनी आपापली वाटी धरून ठेवली. तिसरीनंतर पाणबुडीचे कप्तान कमांडर दिगंबर तांडेल यांनी चमचा खाली ठेवला आणि हलक्या आवाजात म्हटलं, "हिची कोणीतरी आठवण काढतंय."

यावर कोणाचं दुमत नव्हतं. उचकी कशामुळे लागते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि पाणबुड्यांना त्यातून सूट असल्याचं कोणाच्या वाचनात नव्हतं. वाईट होती ती वेळ.

पाणबुडीचं सगळं शहाणपण गप्प बसण्यात असतं. तिथे खाली उजेड पोचत नाही, बिनतारी संदेश पोचत नाही. पोचतो तो फक्त आवाज, आणि तो कोसच्या कोस पोचतो. म्हणून पंखे मंद करायचे, बॅटरीवर हळूहळू सरकायचं, भांड्यांखाली फडकं घालायचं आणि भांडण असेल तर ते किनाऱ्यावर गेल्यावर करायचं. या कलेत तांबोशीचा हात धरणारी दुसरी पाणबुडी नव्हती. टाक्यांत पाणी घेत घेत ती खाली जायची आणि नेमकं हवं तिथे थांबायची. ना वर, ना खाली. निजलेल्या तान्ह्या मुलाच्या खोलीत बाई जशी वावरते, तशी ती समुद्रात वावरायची. तांडेलांना तिचा फार अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

पण ती म्हातारी झाली होती. हिला भंगारात काढावं असं एका समितीचं मत पडलं होतं. तांडेलांनी हट्टाने एक संधी मागून घेतली होती. आज सरावात एक युद्धनौका तिला शोधणार होती. त्या नौकेला चाहूल लागू न देता तांबोशीने सरावाचा एक टॉर्पेडो तिच्या पोटाखालून काढला, तर तिची डागडुजी होऊन ती पुन्हा समुद्रात उतरणार होती. चाहूल लागली, तर तिचा पत्रा किलोवर जाणार होता. तांडेल मिसरूड फुटलेले लेफ्टनंट म्हणून याच पाणबुडीवर आले होते. तिला कापलेलं पाहणं आपल्याच्याने होणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"हुक्क," पाणबुडीच्या पोटातून आवाज आला.

"सर, पाणी पाजू या," आचारी मुरारी भंडारी दारातून म्हणाला. "सात घोट. मध्ये श्वास घेऊ द्यायचा नाही."

तांडेलांनी आपले दुय्यम अधिकारी लेफ्टनंट कमांडर आगाशे यांच्याकडे पाहिलं. आगाशे काटेकोर माणूस. "घोट किती लिटरचा धरायचा?" त्यांनी विचारलं.

"तिच्या मानाने धरा, सर."

पुढच्या टाकीत सात घोट पाणी घेतलं. त्याने पाणबुडीचं नाक खाली झुकलं आणि उचकी होती तिथेच राहिली. पाणी परत बाहेर काढावं तर पंपाचा आवाज होणार. शेवटी डझनभर माणसं अनवाणी पावलांनी मागच्या टोकाला जाऊन उभी राहिली, तेव्हा तिचा तोल सावरला. मुरारीने मग जिभेखाली साखर ठेवण्याचा उपाय सुचवला; पण जीभ कोणती समजायची, यावर एकमत होईना.

"दचकवून पाहू या का?" आगाशे म्हणाले. "टॉर्पेडो येतोय अशी खोटी हूल दिली, तर थांबेल."

"नाही," तांडेल म्हणाले. "या वयात तिला घाबरवायचं नाही."

उरला तो खरा उपाय. आठवण काढणाऱ्याचं नाव घ्यायचं. बरोबर नाव आलं की उचकी थांबते. तांडेल आणि आगाशे पुढच्या कप्प्यात गेले. टॉर्पेडो सोडण्याच्या नळ्या तिथे असतात, आणि तांबोशीला ऐकू येतं ते त्या नळ्यांमधल्या पत्र्याला तोंड लावून बोललं तरच, असा सगळ्यांचा अनुभव होता.

आधी जुन्या कप्तानांची नावं झाली, हयात असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही. प्रत्येक नावानंतर थांबून वाट पाहायची. हुक्क. मग गोदीत तिचे सांधे जोडणारा वेल्डर, तिला पाण्यात ढकलताना नारळ फोडणाऱ्या बाई. हुक्क, हुक्क. कोणीतरी खलाशांच्या बायकांची नावं सुचवली. आगाशे म्हणाले की बायका नवऱ्यांची आठवण काढतात, पाणबुडीची नव्हे. उलट तिचं नाव निघालं की आपल्या घरी भांडी आपटतात, असंही ते म्हणाले. तो मुद्दा सर्वांना पटला.

मग आगाशे खाली बघत म्हणाले, "सर, एक नाव राहिलंय. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

तांडेलांना कळलं. मागच्या महिन्यात गोदीवर भंगाराचे एक व्यापारी येऊन गेले होते. हसमुखशेठ. ते तांबोशीभोवती दोनदा फिरले होते आणि भाजीवाल्याकडचा भोपळा वाजवून पाहावा तसा त्यांनी तिचा पत्रा बोटाने वाजवून पाहिला होता. उचकी त्यांच्या नावाला थांबली असती, तर सराव झाला काय आणि न झाला काय, तिच्या नशिबात काय लिहिलंय ते सगळ्यांना कळून चुकलं असतं.

नाव तांडेलांनी स्वतः घेतलं. कप्प्यातली माणसं पत्र्याकडे पाहत राहिली. बराच वेळ काही झालं नाही, आणि तांडेलांनी डोळे मिटून घेतले.

"हुक्क."

आपल्याच कामावर बोळा फिरवणाऱ्या उचकीवर माणसं इतकी खूश झालेली तांडेलांनी कधी पाहिली नव्हती. मुरारीने तर पत्र्याला हात लावून नमस्कार केला.

पण वरून युद्धनौकेच्या पंख्यांची घरघर जवळ येत चालली होती. तेवढ्यात सोनार यंत्रावर कान लावून बसणारा इरफान मुकादम स्वतः उठून आला. हा दाभोळचा तरुण. पाण्यातला आवाज ऐकून कोळंबी कुठे आहे नि जहाज कुठे आहे, हे सांगणं हेच त्याचं काम.

"सर, एक सांगू काय? दर उचकीच्या आधी खालून एक आवाज येतोय. टक्. अगदी बारीक. तो झाला की हिची उचकी."

"मासा असेल," आगाशे म्हणाले.

"मासे इतका वेळ नेमाने वाजत नाहीत, सर. आणि आवाज लोखंडाचा आहे. तळावरून येतोय."

तांडेलांनी नकाशा मागवला, आपण कुठे आहोत ते पाहिलं, आणि ते जवळच्या फळीवर बसले.

सरावाच्या टॉर्पेडोत स्फोटकं नसतात. त्याच्या नाकात पाणी भरलेलं असतं. धाव संपली की तो ते पाणी बाहेर टाकतो, हलका होतो आणि नारिंगी नाक वर करून तरंगत उभा राहतो. मग होडी जाऊन त्याला घेऊन येते आणि तो पुन्हा कामाला लागतो. त्यामुळे त्यांना घरच्यासारखी नावं पडतात, आणि नळीत घालण्याआधी कपाळाला, म्हणजे नाकाला, कुंकू लागतं. तांडेल लेफ्टनंट असताना तांबोशीवर असा एक सोनबा होता. गेला की परत यायचा, सरळ आणि शहाण्यासारखा. एके दिवशी याच पाण्यात तो गेला आणि वर आला नाही. का, ते कोणालाच कळलं नाही. तरुण तांडेल दुर्बीण घेऊन अंधार पडेपर्यंत उभे होते, आणि तांबोशीही त्या दिवशी निघताना उगाच मागे ओढत होती, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," तांडेल म्हणाले. "आपण नुसती माणसांचीच नावं घेत बसलो."

ते उठले, पत्र्याला तोंड लावलं आणि म्हणाले, "सोनबा."

सगळे थांबले. उचकीची वेळ आली आणि गेली. पुढचीही गेली. इरफानने पत्र्याला कान लावला आणि बोटानेच खाली दाखवलं. तिथलं टक्टकही थांबलं होतं.

"कामाला लागा," तांडेल म्हणाले. त्यांचा आवाज जरासा बसला होता, पण एरवीही तिथे सगळे कुजबुजतच बोलतात.

त्यानंतर तांबोशीने जे केलं ते पाहायला मिळणं हे भाग्याचं काम. आजच्या टॉर्पेडोचं नाव चंद्या. तो नळीत होता, मागचं दार बंद होतं. नळीत हळूहळू पाणी घेतलं, कुठेही बुडबुडा न होऊ देता. आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्या समुद्राइतका झाल्यावरच बाहेरचं झाकण उघडलं. त्याआधी ते उघडू म्हटलं तरी उघडत नाही, समुद्र त्याला दाबून धरतो. वरची घरघर अगदी डोक्यावर आली. तांडेलांनी मान हलवली. पाण्याच्याच रेट्याने चंद्या पुढे सरकला, बाहेर पडला आणि लांब गेल्यावर मग त्याने स्वतःचा पंखा फिरवला. त्याच्यामागे पतंगाच्या मांजासारखी बारीक तार सुटत होती, आणि आगाशे त्या तारेवरून त्याला डावीउजवीकडे वळवत होते. टॉर्पेडो गेला की त्याच्या वजनाची भरपाई म्हणून पाणी घ्यावं लागतं, नाहीतर पाणबुडी नाक वर करते. आज ते सात घोट आधीच घेतलेले होते. मागे उभी असलेली माणसं आपापल्या जागी परतली आणि तांबोशी केसभरही हलली नाही. तांडेलांना भरून आलं. अशी पाणबुडी पुन्हा होणे नाही, असं त्यांना वाटलं आणि ते खरंच होतं.

चंद्या युद्धनौकेच्या पोटाखालून निघून गेला. वरून पाण्यातल्या टेलिफोनवर निरोप आला: काही ऐकू आलं नाही, हार मान्य.

तांबोशी वर आली तेव्हा टॉर्पेडो गोळा करणारी होडी आधीच पोचली होती. तिच्यावरून विचारणा झाली, "तांबोशी, आपण किती सोडलेत?"

"एक," तांडेल म्हणाले.

"इथे दोन उभे आहेत. एकाला शिंपले लागलेत. तोही आपलाच का?"

"दोघे आपलेच. जुन्याला सावकाश घ्या."

समितीपुढे चौकशी झाली. अध्यक्षांनी शिंपले लागलेला टॉर्पेडो चष्मा लावून सगळीकडून पाहिला आणि विचारलं, "हा इतकी वर्षं का आला नाही?"

"कोणी बोलावलं नव्हतं, साहेब," तांडेल म्हणाले.

समितीला हे उत्तर समाधानकारक वाटलं. तांबोशी भंगारात न जाता गोदीत गेली. हसमुखशेठना तसं कळवण्यात आलं. सोनबाला घासूनपुसून, नवा नारिंगी रंग देऊन पुढच्या कप्प्यात पूर्वीच्याच जागी ठेवलं.

तांडेलांची मात्र बदली झाली. घाटावरच्या एका कचेरीत त्यांना खुर्ची मिळाली. खिडकीतून डोंगर दिसत, समुद्र दिसत नसे. ते तक्रार करत नसत; फक्त घरात कोणी दार आपटलं की त्यांना खपत नसे.

पावसाळा संपला आणि एका रविवारी ते जेवायला बसले. भरल्या वांग्याचा पहिला घास घेतला आणि त्यांना उचकी लागली.

"सासूबाईंनी आठवण काढली असेल," त्यांच्या पत्नी शैलाबाई म्हणाल्या. उचकी थांबली नाही. "मग वन्संनी. नाही? अहो, मग आगाशेंनी असेल."

तांडेलांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "राहू दे. नावं घेऊ नकोस."

"अहो, निदान पाणी तरी प्या."

"नको. आज ती पुन्हा पाण्यात उतरणार होती."

ते ताठ बसले आणि पुढच्या उचकीची वाट पाहू लागले. ती आली तेव्हा ताट बोटभर सरकलं. शैलाबाईंनी आमटीची वाटी धरून ठेवली.