टोचते काय?

आमच्या कॉलनीत दुसऱ्याच्या डोक्याची काळजी वाहणारा माणूस एकच, वानखडेभाऊ. सकाळी सातला फाटक वाजतं. मी चहाचा कप खाली ठेवेपर्यंत ते समोर उभे असतात आणि म्हणतात, "मास्तर, डोस्कं द्या."

मग माझ्या टकलावर टोपी चढते. त्यांनीच कातलेल्या सुताची, त्यांनीच विणलेली. भाऊ ती चारी बाजूंनी दाबतात, डोळे बारीक करतात आणि विचारतात, "टोचते काय?" हे सगळं अमरावतीत, मे महिन्यात.

वानखडेभाऊ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सारी नोकरी अमरावती ते धारणी. स्टेअरिंग सुटल्यावर हातांना काम हवं म्हणून दिवाळीनंतर त्यांनी टकळी धरली, असं आम्ही समजत होतो. सूतकताई शाळेत शिकलेली. कापूस वलगावच्या चुलतभावाच्या शेतातला. सरकी स्वतः काढायची, कापसाचे वातीसारखे पेळू स्वतः वळायचे आणि टकळी फिरवत कॉलनीभर हिंडायचं.

विणणं ते मोबाइलवर बघून शिकले, पण मोजमाप त्यांचं स्वतःचं, त्याच धारणीच्या रस्त्याचं. टोपीचा काठ झाला की वलगाव. सरळ वीण म्हणजे परतवाड्यापर्यंतचा रस्ता. सेमाडोहला टाके कमी करायचे, आणि शेंडा म्हणजे धारणी. घरून जेवायची हाक आली तर म्हणायचे, "घाट लागला आता. धारणीले पोचलो का जेवतो."

पहिल्या टोपीनं दगा दिला. मोबाइलवरच्या बाया लोकरीनं विणत होत्या. लोकर ताणली तरी परत आवळते, सूत एकदा सैल झालं की झालं. कपाशीच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. धुतल्यावर ती टोपी माझ्या नाकाखाली उतरली.

"टोचते काय?"

"दिसत नाही," मी आतून म्हणालो.

"ते नाही विचारलं, मास्तर."

पुढे मापं जमली, तर गाठींनी छळलं. टकळीवरचं सूत तुटायचं, भाऊ गाठ मारायचे, आणि ती गाठ नेमकी माझ्या टाळूवर यायची. मी "टोचते" म्हटलं की अख्खी टोपी उसवायची. शेवटी त्यांनी गाठ मारणंच सोडलं. तुटल्या टोकाला पेळूचे तंतू लावून, पीळ देऊन सांधायला लागले.

आता खरं सांगतो, मला टकलाचा फार कमीपणा वाटतो. कॅप घातल्याशिवाय मी दळण आणायलासुद्धा जात नाही. आणि हा गृहस्थ साऱ्या कॉलनीत माझंच डोकं धरून बसलेला. अकराव्या टोपीला माझा संयम सुटला. म्हटलं, "भाऊ, तुम्हालाही डोकं आहे. माझंच काहून?"

भाऊ पायरीवर बसले. "माह्या डोक्यावर केस हायेत, मास्तर. मले काय समजन?"

मग त्यांनी अकोल्याच्या अक्काचं सांगितलं. अक्का म्हणजे मोठी बहीण. आई लवकर गेली, भाऊंना तिनंच वाढवलं. दिवाळीपासून मोठ्या दुखण्याची औषधं चालू होती, त्यात तिचे कमरेखाली जाणारे केस गेले.

"लोकर टोचते तिले. दुकानच्या टोपीनं घामोळं येते. पदर रायत नाही, घसरते. माह्या पोरीचं लगन आठ दिवसावर आलं, अन् अक्का म्हणते, अशी मी लोकाईसमोर येत नाही. अक्काच नाही आली त मी मांडवात कोणाकडे पाहू?"

मला माझीच लाज वाटली. ती अकरावी टोपी घालून मी दुपारी तासभर अंगणात बसलो. नाही टोचली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अकोल्याला गेलो. अक्कांनी दार अर्धंच उघडलं. टोपी घेतली, आतून बोटं फिरवून गाठ शोधली. सापडली नाही.

"कोणाच्या डोक्यावर पाह्यली रे?"

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. मी कॅप काढली आणि वाकलो.

"माह्यापेक्षा चकचकीत हाये," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी दार पूर्ण उघडलं.

लग्नात अक्का पहिल्या रांगेत होत्या. टोपी, आणि टोपीभोवती मोगऱ्याचा गजरा. बुद्धवंदना सुरू झाली, सगळे हात जोडून उभे राहिले. भाऊ मात्र लेकीकडे न बघता मान वळवून अक्कांना शोधत होते. नजरानजर झाली तसा त्यांनी हळूच स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला आणि भुवया वर केल्या. अक्कांनी मान हलवली. नाही.

तेव्हा भाऊ रडायला लागले. शेजारचे पाहुणे म्हणाले, बापाचं काळीज आहे, लेक चालली. मी टकलावरून हात फिरवला. मीही त्या दिवशी कॅप घरीच ठेवून आलो होतो.