हादरे खाणारी गाडी

आमचे दाजी कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी ती आपटून पाहतात. बादली असो, कंदील असो, मनगटी घड्याळ असो. हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायचा आणि वस्तू सोडून द्यायची. मग वाकून ती उचलायची, कानाशी हलवायची आणि निकाल द्यायचा. "पास," नाहीतर "रिजेक." तासगावच्या पेठेत ते दिसले की भांडीवाला पितळेचा माल पुढे आणतो आणि काचेचा मागे सरकवतो. एकदा चष्मेवाल्याने त्यांच्यापुढे हात जोडले होते.

"हवालदार, हा तुमच्या नाकावर राहणार आहे. ट्रकखाली नाही."

"नाक तरी कुठं एका जागी ऱ्हातंय?" दाजी म्हणाले, आणि चष्मा सोडून दिला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सैन्यात ड्रायव्हर होते. वाळवंटात आणि बर्फात जीप आणि ट्रक चालवून हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले आणि तासगावजवळच्या गावी येऊन राहिले. मी साताऱ्याच्या एका ग्रंथालयात काम करतो, पण पुस्तकाजवळ बसणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तरच. "मास्तर, रस्ता हे सरकारचं नुसतं म्हणणं हाय," ते मला सांगत. "हादरा तेवढा खरा."

ते नोकरीत असताना अक्काने दोन एकर द्राक्षबाग उभी केली. दगडी खांब रोवून घेतले, तारा ओढून घेतल्या, वेल मांडवावर चढवले. दाजी सुट्टीवर आले की पाहुण्यासारखे तिच्या मागून हिंडत आणि ती दाखवील ते बघत. घर उंचावर आणि बाग खाली, मध्ये एक नांगरटीचं रान. एवढंच अंतर.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, थांबलं मात्र नाही. तासगावच्या डॉक्टरांनी घरी सोडताना दाजींना बजावलं, "यांना हादरे बसू देऊ नका." दाजींनी टाचा जुळवल्या. लष्करात मिळालेली ऑर्डर दुसरी ऑर्डर येईपर्यंत चालू असते, आणि ती कधी संपणार हे वरच्याला विचारायचं नसतं.

सोप्यावर अक्काची बाज टाकली होती. तिथून बागेचा नुसता काठ दिसे. ऑक्टोबरची छाटणी झाली तेव्हा ती म्हणाली, "मला बैलगाडीत घाला आन् बागंत न्या."

"ढेकळं बघितलीस का? चाकोऱ्या बघितल्यास? हादरं बसत्यात."

"आवं, बाग एक रान पलीकडं हाय. काश्मिरात न्हाई."

"ऑर्डर हाय," दाजी म्हणाले.

मग ती पडल्या पडल्या बागेची चौकशी करू लागली. फुलोरा कसा आहे, मणी किती धरलेत. दाजी बागेतून येऊन "सगळं ठीक हाय" एवढाच रिपोर्ट देत.

"ठीक म्हंजे? मणी मिरीएवढा का वाटाण्याएवढा?"

दाजी विचारात पडत. "मधला," ते म्हणत.

अक्का माझ्याकडे बघून कपाळाला डावा हात लावी. पुढे दाजी एकदा घड तोडून घेऊन आले. तिने तो मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "घड काय, बाजारातबी बघाय मिळतो. मला भरलेला मांडव बघायचा हाय."

दाजींच्या चुलतभावाचा मुलगा संपत विट्याचा. विट्याच्या पुष्कळ लोकांसारखा तोही परमुलखात, मद्रासला, सोनं गाळायचं दुकान चालवतो. त्या दिवाळीला तो भेटायला आला तेव्हा त्याच्याजवळ बंदराजवळच्या बाजारात मिळालेली एक परदेशी मोटार होती. लालभडक, वीतभर लांब, बॅटरीवर चालणारी. हातात डबी धरायची, डबीवरचा खटका दाबायचा, आणि मध्ये तार नसताना मोटार पळायची. रेडिओच्या लहरींवर चालते, असं संपत म्हणाला.

दाजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. संध्याकाळी ते अक्काच्या बाजेशी येऊन उभे राहिले. "डबी तुझ्या डाव्या हातात. तू हितं पडून चालवायचं. गाडी रानातनं बागंत जाणार. हादरं खायचं ती खाईल."

"बरं," अक्का म्हणाली. मग मला हळूच, "कायतरी उद्योग मिळाला त्यांना. नायतर दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसत्यात."

लाल मोटार इन्स्पेक्शनला उभी राहिली. आपटण्यात ती पास झाली. रानात मात्र पहिल्याच ढेकळावर पोट टेकून बसली आणि चाकं हवेत फिरत राहिली. "ही डांबरावरची गाडी हाय," दाजी संपतला म्हणाले. "आपल्याकडं डांबर कुठं हाय? पोट उचललेली आण. चाकाला दात पायजेत."

"काका, खेळणं आहे ते!"

"खेळणं न्हाई. पेशंटची गाडी हाय."

संक्रांतीला संपतने जीप आणली. उंच, जाड रबरी चाकांची. मी तेव्हा तिथेच होतो. दाजींनी हात आडवा केला तेव्हा संपतने डोळे मिटून घेतले. जीप पडली आणि पुढचं चाक गोठ्यापर्यंत घरंगळत गेलं. "आक्सल प्लॅस्टिकचा," दाजी म्हणाले. "रिजेक."

"आवं, चाललं असतं की," अक्का बाजेवरून म्हणाली. "घड भरलं असतील आता. आणि किती दिवस मापं काढणार?"

"अर्ध्या वाटंत मोडली मंजे? टिकाऊच पायजे. जरा दम धर."

तिने दम धरला. फाल्गुनात माल उतरला, पेट्या भरून गेला. चैत्रात बागेची खरड छाटणी झाली. ही छाटणी म्हणजे वेल बोडका करणं. मांडवावर पान राहत नाही. आणि मग गावच्या यात्रेला संपत तिसरी गाडी घेऊन आला. चाकांना दात, पोट उंच, आक्सल लोखंडी, खाली स्प्रिंगा. दाजींनी ती खांद्यावरून सोडली, छपरावरून सोडली, मुरमावरून फरफटवली. तिला काही झालं नाही. "पास," दाजी म्हणाले, आणि मी त्यांना इतकं खूश क्वचितच पाहिलं होतं.

पण त्या काळी रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागे, आणि रेडिओच्या लहरींवर चालते म्हणजे गाडीलाही ते लागणार. ते काढल्याशिवाय दाजी सेल घालू देईनात. गाडी काखेत मारून ते पोस्टात गेले; मी बरोबर होतो. पोस्टमास्तरांनी गाडी उलटीपालटी केली.

"बातम्या लागतात का यावर?"

"न्हाई."

"गाणी?"

"न्हाई. पळती."

"मग आरटीओत जा, हवालदार."

पोस्टमास्तर गंमतीने बोलले होते. दाजी सांगलीच्या एसटीची वेळ विचारू लागले. पोस्टमास्तरांनी हसू आवरून, याला कसलंच लायसन लागत नाही असं शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे आम्ही घरी आलो.

संध्याकाळी अक्काच्या पाठीशी उशा लावल्या आणि डबी तिच्या डाव्या हातात दिली. गाडी अंगणातून उतरली, बांध चढली, रानात शिरली. ढेकळांवर आपटत, उलटायला येत, पुन्हा सरळ होत चालली. दाजी बाजूने पळत होते. "डावीकडं! अगं, डावीकडं! शाब्बास!" अक्का हसत होती. झटका आल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. रान संपत आलं, बागेचा पहिला खांब चारपाच हातांवर राहिला, आणि गाडी थांबली. डबीचा जोर तेवढाच होता. दाजींनी डबीची एरियलची काडी बांबूला बांधून पाहिली, डबी घेऊन बाजेवर उभे राहून पाहिलं. गाडी हलेना.

"दुसरी मागवतो," ते म्हणाले. "लांब पल्ल्याची."

"आवं," अक्का म्हणाली, "ती जाऊन आली तरी मला काय सांगणार हाय?"

दाजींनी रानात जाऊन गाडी उचलून आणली आणि तिची माती पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी यात्रेत तेच डॉक्टर भेटले. त्यांनी अक्काची चौकशी केली, हिंडवता-फिरवता का म्हणून विचारलं. दाजींनी अभिमानाने सांगितलं की ऑर्डरप्रमाणे अजून एकही हादरा बसू दिलेला नाही. डॉक्टर गोंधळले. "अहो, ते पहिल्या महिन्यापुरतं होतं. नंतर घेऊन जायचं की कुठंही. त्यांनाही बरं वाटलं असतं."

दाजी तिथून जे निघाले ते सरळ घरी. मी मागून पोचलो तेव्हा ते बाजेपुढे पाठ करून बसले होते. बैल जुंपायला ते थांबले नव्हते.

"बस."

"पाठीवर? आवं, लोक काय म्हणतील?"

"जखमी जवानाला असंच आणत्यात. बस."

मी अक्काला आधार देऊन त्यांच्या पाठीवर बसवलं. भर दुपारी ते दोघं ढेकळांतून निघाले. दाजी पावलागणिक विचारत होते, "हादरा बसतोय का गं?" आणि अक्का सांगत होती, "बसतोय. चला."

बागेत तिला बघायला काहीच उरलेलं नव्हतं. तारा, दगडी खांब आणि तारांवरचे बोडके ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे फाटे. ती त्या तारांकडे बराच वेळ बघत होती. "छाटणी चांगली झालीया," ती म्हणाली. "फुडल्या साली माल लय येणार."

पुढच्या सालचा माल तिला बघायला मिळाला नाही. आषाढात तिला दुसरा झटका आला आणि त्यात ती गेली.

दिवस झाल्यावर मी साताऱ्याला निघालो. दाजी मला फाट्यापर्यंत पोचवायला आले. विट्याची एसटी यायची होती. आम्ही दोघं मैलाच्या दगडाशी उभे होतो. मी उगाच म्हणालो, "दाजी, त्या दिवशी उन्हात तुम्हांला फार ओझं झालं असेल."

एसटी वळणावर दिसली तेव्हा ते म्हणाले,

"लय हलकी होती रं, मास्तर. कवाबी उचलता आली असती."