ताईचं कीर्तन आणि माझ्या चार गाळण्या

समाजमाध्यमाची साइट नीट कशी वापरावी हे जगात फार थोड्या लोकांना कळतं आणि त्यांतला एक मी आहे, असं गेल्या महिन्यापर्यंत माझं प्रामाणिक मत होतं.

इतर लोक साइट उघडतात आणि समोर येईल ते गिळतात. माझं तसं नाही. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मीटर तपासतो. बावीस वर्षं झाली. एखादी वस्तू चालते म्हणजे आतून कशी चालते, हे झाकण काढून बघितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. त्यामुळे आमच्या संगणक विभागातल्या चष्मिसनं माऊसचं उजवं बटण दाबून त्या साइटचं पोट उघडून दाखवलं, तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलोच. आत नुसते डबे! डब्यात डबा, त्यात आणखी डबा, आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी.

"ही चिठ्ठी धरायची," चष्मिस म्हणाला, "आणि स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा हुकूम, लिहायची, हा डबा दिसला की लपव. संपलं."

"साइटवाल्यांना न विचारता?"

"तुमच्या खिडकीचा पडदा ओढताना तुम्ही समोरच्याला विचारता का साहेब?"

मग काय विचारता. त्या आठवड्यात मी ब्राउझरला चार गाळण्या बसवल्या. एक्स्टेन्शन म्हणतात त्याला, पण काम गाळणीचंच. पहिलीनं जाहिराती गेल्या. दुसरीनं 'तुम्ही यांना ओळखत असाल' हा प्रकार गेला. ज्यांना ओळखतो त्यांनीच पुरेसं केलंय. तिसरी माझी स्वतःची, अकरा ओळींची स्क्रिप्ट. तिनं सगळ्या प्रतिक्रिया गायब. कारण मी तिथे जातो तो कीर्तनं ऐकायला. बुवांनी डोळ्यांत पाणी आणावं आणि खाली दोघांनी एकमेकांची अक्कल काढत बसावं, हे मला सोसत नाही. देवाच्या नावापुढे माणसानं निदान पाच मिनिटं तरी नमून असावं.

चौथी चष्मिसनं दिली. "व्हिडिओत जिथे आवाज नसतो तेवढा भाग ही उडवते. वेळ वाचतो."

मी आमच्या तासाभराच्या बैठकीचं रेकॉर्डिंग लावून बघितलं. नऊ मिनिटांत आटपलं. ताबडतोब बसवून टाकली आणि दोन दिवसांत ती आहे हे विसरूनही गेलो. चांगल्या यंत्राची खूणच ती.

नेमका त्याच आठवड्यात ताईचा फोन आला.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर एका बुवांकडे कीर्तन शिकायला बसली. चार वर्षं. लहान मुलीसारखी वही घेऊन जायची. आता बुवांनी सांगितलं होतं, येत्या रविवारी संध्याकाळी सभागृहात तुम्ही उभं राहायचं.

"मी घरी म्हणून बघते आणि साइटवर टाकते," ताई म्हणाली. "तू ऐक. आणि खरं सांग. तू नको म्हणालास तर मी बुवांना नाही म्हणून कळवते."

"अगं, असं काय?"

"बासष्टाव्या वर्षी हसू करून घ्यायचं नाही मला. बुवा मायेपोटी बरं म्हणतात. तुझ्या कानावर माझा भरवसा आहे."

एवढं म्हटल्यावर माझा कान केवढा झाला असेल याची कल्पना करा.

मी हातपाय धुऊन संगणकासमोर बसलो. कथा एका विणकराची होती. देवासाठी तो वर्षभर शाल विणतो, द्यायला निघतो आणि वाटेत त्याला थंडीनं काकडणारा एक माणूस भेटतो. कथा गोड, ताईचा आवाज त्याहून गोड. पण वेग! एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या पाठीवर. विणकर देवाकडे निघालाय की त्याच्या मागे कुत्रं लागलंय, तेच कळेना.

"ताई, सगळं छान आहे, पण धावतेस किती!"

"धावते? मी?" ताई चक्रावली. "मला तर वाटत होतं मी रेंगाळते."

"तुला वाटतं तसं. प्रश्न टाकलास की थांबायला हवं. ऐकणाऱ्याच्या मनात तो उतरू दे. मनात दहा आकडे मोज."

"दहाच मोजते मी."

"मग भराभर मोजत असशील."

गणिताच्या बाईंना हे लागलं असणार. तरी ती शांतपणे म्हणाली, "बरं. तीस मोजते."

संध्याकाळी बायकोनं तेच कीर्तन तिच्या फोनवर ऐकलं. "अहो, ताई फार थांबतात नाही? मला वाटलं फोनच बंद पडला."

"थांबते? अगं, एका दमात म्हटलंय तिनं सगळं."

"असेल बाई. तुम्ही जाणकार."

जाणकार हा शब्द ती ज्या सुरात म्हणते, त्या सुरात इतर बायका मांजर दूध प्याल्याचं सांगतात.

दुसरं रेकॉर्डिंग आलं. पुन्हा तीच पळापळ. शिवाय मी लावलं तेव्हा सहा वाजले होते आणि ताईनं हात जोडले तेव्हा सहा चोवीस. म्हटलं, "ताई, चोवीस मिनिटांत कीर्तन? लोक बूड टेकतात न टेकतात तोवर संपेल."

"चोवीस? अरे, पन्नास मिनिटं झालंय ते."

मी समजुतीनं हसलो. तंबोरा जुळवण्यापासूनचा वेळ धरत असेल बिचारी. आता हेच बघा, कार्यालयात कुणाची तक्रार आली की माझा नियम ठरलेला: घराला दोष देऊ नका, आधी मीटर काढून तपासा. बावीस वर्षांत कधी मोडला नाही. पण तो नियम साडेदहा ते साडेपाच. घरी येताना तो मी टेबलाच्या खणात ठेवून येतो.

"तीसनं भागत नाही," मी म्हटलं. "शंभर मोज."

"शंभर? अरे, खाली लोकांनी पुष्कळ लिहिलंय. तू वाचलंस ना?"

"मी लोकांचं वाचत नाही."

"त्यांना वाटतंय की..."

"लोकांना काय वाटतं ते सोड. तुला जाणता कान हवा की गर्दी?"

पलीकडे ताईनं वहीचं पान उलटलं. मग म्हणाली, "तू म्हणशील तसं. शंभर तर शंभर."

"आणि घाबरू नकोस. मी पहिल्या रांगेत आहे. तू धावायला लागलीस की मी हात वर करीन. म्हणजे हळू."

रविवारी सभागृह निम्म्याहून जास्त भरलं होतं. ताईच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या, त्यांच्या सासवा आल्या होत्या. माझ्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला भाची, म्हणजे ताईची मुलगी. सुरुवातीचं गाणं सुरेख झालं. माझा ऊर भरून आला. मग विणकर शाल घेऊन निघाला, थंडीनं काकडणारा माणूस भेटला, आणि ताईनं विचारलं, "आता सांगा, ती शाल त्यानं कुणाच्या खांद्यावर घातली असेल?"

आणि ती थांबली.

पहिले पाच-दहा क्षण सुंदर होते. खरंच. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मग कुणीतरी खोकलं. मग मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "कुणाच्या?" मग खुर्च्या करकरल्या. ताई समोर बघत ताठ उभी.

"विसरली का ही?" मी भाचीच्या कानात पुटपुटलो. "रेकॉर्डिंगमध्ये तर असं नव्हतं."

"मामा, रेकॉर्डिंगमध्ये असंच होतं. खाली चाळीस जणांनी लिहिलंय, आवाज गेला, आवाज गेला म्हणून. वाचलं नाहीस तू?"

"प्रतिक्रिया मी लपवल्यात. स्क्रिप्ट आहे माझी."

भाचीनं माझ्याकडे वळून पाहिलं. "आणखी काय काय बसवलंयस?"

मी मोजून सांगायला लागलो. पहिली, दुसरी, तिसरी. चौथी, जिथे आवाज नसतो तेवढा भाग उडवणारी.

"मामा," भाची म्हणाली, "आईनं जे थांबे घेतले, ते तू ऐकलेच नाहीस."

"ते ऐकू कसे येणार?" मी म्हटलं, आणि मग पन्नास मिनिटांची चोवीस कशी झाली ते मला कळलं.

इकडे मागच्या दोन रांगा उठल्या होत्या. कीर्तन संपलं असं समजून माणसं दाराशी चपला शोधत होती. ध्वनिक्षेपकवाल्यानं वायर गुंडाळायला घेतली. रखवालदारानं कडेचे पंखे बंद केले. ताईला सांगायला हवं होतं की बाई गं, बोल. मी घाईघाईनं हात वर केला.

ताईनं तो पाहिला. मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले.

"काय केलंत हो?" बायको म्हणाली.

मी हात खाली घेतला तर डोळे मिटलेले. हाक मारावी तर भर सभेत. शेवटी सुटका केली ती पेटीवाल्यानं. त्या भल्या माणसालाही वाटलं आटपलं सगळं. त्यानं पेटीचं झाकण लावलं आणि ते हातातून सुटून धाडकन आपटलं. ताई दचकली. डोळे उघडले. समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि दारात एका पायात चप्पल घातलेली माणसं.

ध्वनिक्षेपक बंद होता. ती तशीच, साध्या आवाजात, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीला सांगावं तशी म्हणाली, "ज्याच्यासाठी विणली होती, त्याच्याच. तो वाटेतच येऊन उभा होता."

दारातली माणसं जागच्या जागी थांबली. एका बाईंनी घातलेली चप्पल काढली आणि त्या परत येऊन बसल्या. मग आणखी चार-पाच. सगळे नाही आले, खोटं कशाला सांगू. पण जे बसले ते शेवटच्या गाण्यापर्यंत हलले नाहीत, आणि बुवांनी उपरण्यानं डोळे टिपलेले मी पाहिले.

नंतर मंचामागच्या खोलीत मी ताईला सगळं सांगितलं. गाळणीसकट. पाय धरायचेच बाकी ठेवले होते.

"तरीच," ताई म्हणाली. "आणि मी मूर्ख, शंभरावर पुन्हा शंभर मोजत होते. सत्त्याऐंशीला ती मागची रांग उठली आणि माझा आकडा चुकला. म्हणून परत एकपासून सुरुवात केली. मग तू हात वर केलास, म्हणून आणखी शंभर धरले."

"ताई, चूक माझी. तू रागाव."

ती पाणी प्यायली. पेला खाली ठेवला. "रागावत नाही. पण मला एक सांग, न बोललेलं गाळणारं यंत्र तुला सापडलं. बोललेलं गाळणारं असतं का?"

"नसावं. का गं?"

"सापडलं तर आधी स्वतःला बसव."

चष्मिसला विचारलंय. तो म्हणतो, असं काही अजून निघालेलं नाही. बायकोचा त्याच्यावर विश्वास नाही. ती रोज स्वतः शोधते आहे.